दहा मयत, दोन आडनावं: पुण्यातल्या १९७६-७७ च्या खूनसत्राची केस

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षाला मी गुन्हा आणि बळी हा पेपर शिकवते आणि दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर दहा ओळी लिहिते. आरोपी नाहीत, नावं नाहीत, फक्त मयत कोण, वय साधारण किती, काय करायचा किंवा करायची, आणि प्रेत कुठे मिळालं. नावं मुद्दाम गाळते, कारण नाव दिलं की पोरं बाकाखाली मोबाईल काढून गूगल करतात आणि मग तासाला काही अर्थच राहत नाही.

ओळी अशा. एक कॉलेजचा मुलगा, वडिलांचं कॉलेजच्या मागेच हॉटेल, प्रेत तलावात. मग विजयानगर कॉलनीतलं एक जोडपं आणि त्यांचा शाळा-कॉलेजच्या वयाचा मुलगा, तिघं राहत्या घरात. मग भांडारकर रोडवरच्या बंगल्यात पाच जण: नव्वदीकडे झुकलेले एक संस्कृत पंडित, त्यांची पंचाहत्तरी ओलांडलेली बायको, विशीच्या आतबाहेरची नात आणि नातू, आणि घरकाम करणाऱ्या साठीच्या बाई. आणि शेवटी परत एक कॉलेजच्या वयाचा मुलगा, प्रेत नदीत, बंडगार्डनच्या पुढे येरवड्याकडे.

मग म्हणते, सांगा, कोणी केलं असेल.

आठ-नऊ बॅचेस झाल्या असतील, उत्तरं जवळपास ठरलेली येतात. बाहेरची टोळी. सुपारी. प्रॉपर्टीचा वाद. कोणीतरी हमखास म्हणतं की नोकराने आतून टीप दिली असणार (आणि कामवाल्या बाई स्वतः मयताच्या यादीत आहेत हे त्याच्या लक्षातही आलेलं नसतं). आणि जवळजवळ प्रत्येक जण फळ्यावर मधल्या आठ ओळींभोवती गोल काढतो, दोन घरं, आठ माणसं, हीच केस, बाकी पहिली आणि शेवटची ओळ चुकून इथे आली असणार किंवा मॅडमनी मुद्दाम गोंधळात टाकायला घातली असणार.

१९७६ च्या डिसेंबरात पुणंही हेच करत होतं. तेव्हा शेवटची ओळ अजून घडायची होती आणि पहिली ओळ खुनाच्या यादीत नव्हतीच. हे प्रकरण ज्या नावाने सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे ते म्हणजे जोशी-अभ्यंकर हत्याकांड, आता जरा मोजा, जोशी तीन, अभ्यंकर चार, झाले सात. दहातले तीन जण केसच्या नावातच नाहीत. कोण तीन? पहिला मुलगा, शेवटचा मुलगा, आणि कामाच्या बाई. माझं जे काही म्हणणं आहे ते या तिघांभोवतीच आहे, कारण त्यातल्या दोघांपाशी अख्ख्या केसची किल्ली होती आणि तिसऱ्या बाईंबद्दल कोणी कधी विचारतच नाही.

आता रीतसर सांगते, काय झालं ते.

टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकणारी चार पोरं, राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह. जक्कल म्होरक्या. दारू, दुचाक्या चोरणं असल्या गोष्टींमुळे कॉलेजात नाव आधीच खराब झालेलं पण खुनी म्हणून कोणी बघावं असं काही नव्हतं, सगळी विशीतली पोरं, हातात ड्रॉइंगचं सामान घेऊन फिरणारी. जक्कलची कर्वे रोडवर एक पत्र्याची शेड होती, तोच त्यांचा अड्डा.

पहिला खून १६ जानेवारी १९७६ च्या सुमाराचा. बळी त्यांच्याच कॉलेजातला, त्यांचा वर्गमित्र म्हणावा असाच. काहीतरी बहाणा करून त्याला शेडवर नेलं, चाकूच्या धाकाने वडिलांच्या नावे चिठ्ठी लिहून घेतली की मी घर सोडून चाललोय, मग रात्री सारसबागेकडे पेशवे पार्कात नेऊन नायलॉनच्या दोरीने गळा आवळला आणि प्रेत लोखंडी पिंपात दगडांसकट घालून तळ्यात सोडून दिलं. आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना खंडणीचं पत्र. म्हणजे बघा, मुलगा जिवंत नाहीये आणि त्याचे पैसे मागितले जातायत. पेशवे पार्क म्हणजे जिथे १९५६ पासून फुलराणी फिरते ते, पुण्यातलं जवळपास प्रत्येक लहान पोर कधी ना कधी त्या झुकझुकगाडीत बसलेलं असतं, आणि तिथल्या तळ्यात ते पिंप जवळपास चौदा महिने पडून होतं. मी स्वतः तिथे लहानपणी वाढदिवसाला जायचे. असो.

इथे मी वर्गात थांबते, बराच वेळ थांबते, कारण विषयाचं मर्म इथे आहे. त्या मुलाचं प्रेत नाही. मुलाच्याच हस्ताक्षरात घर सोडल्याची चिठ्ठी आहे, आणि वर खंडणीची मागणी आहे. अशा वेळी तो कुठल्या खात्यात जातो? बेपत्ता, पळून गेलेला, पळवलेला, काहीही म्हणा, पण मयत नाही. कायद्याने खून सिद्ध करायला प्रेत मिळालंच पाहिजे अशी काही सक्ती नाही पण व्यवहारात प्रेत नसलं की डोक्यातच खून येत नाही, आमच्या वर्गात एकदा एक रिटायर्ड फौजदार गप्पा मारायला आले होते ते म्हणाले, ‘अहो मॅडम, पोलीस स्टेशनात रजिस्टरं वेगळी म्हणजे माणसंही वेगळी होऊन जातात, मनुष्य मिसिंगचं रजिस्टर एकाकडे, अकस्मात मृत्यूचं दुसऱ्याकडे, खुनाची फाईल तिसऱ्याकडे, आणि तिघं एका टपरीवर चहा पितात.’ पोरं हसली. मला काही फार हसू आलं नाही.

स्टीव्हन एगर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या दशकात याला लिंकेज ब्लाइंडनेस असा शब्द दिला, म्हणजे एकाच हाताने केलेले गुन्हे वेगवेगळ्या फायलींत पडले की ते एकाचे आहेत हे कुणाला दिसतच नाही. तो बोलत होता वेगवेगळ्या शहरांतल्या, राज्यांतल्या पोलिसांबद्दल. आपल्याकडे एकाच शहरात, टिळक रोडपासून सायकलवर जाता येईल अशा टापूत ते घडलं.

पुढे ऑगस्टमध्ये कोल्हापूरला जाऊन एका व्यापाऱ्याच्या घरी प्रयत्न केला, तो फसला. मग ३१ ऑक्टोबर १९७६, विजयानगर कॉलनी, जोशींचं घर. चाकूच्या धाकावर आत शिरले, नवरा-बायकोला बांधून मारलं, मुलगा बाहेरून घरी आला त्यालाही मारलं. मंगळसूत्र, घड्याळ आणि काही हजार रुपये, एवढीच मिळकत. एवढ्यासाठी तीन जीव हे वाचलं की पोरं म्हणतात मॅडम हे पैशासाठी नसेल, काहीतरी सायको असणार. मी म्हणते थांबा, पैसे कमी मिळाले म्हणजे उद्देश पैसे नव्हता असं होत नाही, चोराला घरात किती आहे हे दाराबाहेरून कुठे दिसतं.

मग २२ नोव्हेंबर. हा भाग बहुतेक लोक सांगायचं विसरतात आणि माझ्या मते तो दहाही खुनांइतकाच महत्त्वाचा आहे. शंकरशेठ रोडवरच्या एका बंगल्यात हे लोक घुसले, तिथल्या बाई आणि दोन नोकर यांनी जोरदार प्रतिकार केला आणि ही शूर मंडळी काटेरी तारेच्या कुंपणावरून उड्या मारून पळाली. कोणी मेलं नाही म्हणून ही घटना खुनांच्या कुठल्याच तक्त्यात येत नाही, पण बळींचा अभ्यास करायचा तर जे वाचले त्यांच्याकडे आधी बघायला हवं की नको? तिथे काय वेगळं होतं? घर तसंच, दागिने तसेच, वेळ तशीच. फरक एवढाच की आतल्या माणसांनी पहिल्या मिनिटालाच झटापट केली, बांधूनच घेतलं नाही. हे मी सल्ला म्हणून सांगत नाहीये हां, चाकू समोर असताना काय करावं हे खुर्चीत बसून सांगणं सोपं असतं, आणि भांडारकर रोडवरच्या नव्वदीच्या म्हाताऱ्याने काय झटापट करायची होती. पण टोळीच्या कामाच्या पद्धतीबद्दल ते बरंच सांगतं, यांची सगळी ताकद समोरचा गांगरलाय, चूप बसलाय यावर उभी होती.

नऊ दिवसांनी, १ डिसेंबर १९७६, रात्री आठच्या सुमारास भांडारकर रोडवरच्या ‘स्मृती’ बंगल्याची बेल वाजली. काशीनाथशास्त्री अभ्यंकर, संस्कृत व्याकरणातलं मोठं नाव, त्यांच्या पत्नी, नात, नातू, कामाच्या बाई. पाचही जण. तपशिलात जात नाही, पद्धत तीच, हातपाय बांधायचे, तोंडात कापसाचे बोळे, नायलॉनची दोरी.

यानंतर पुण्याचं जे झालं ते मला आत्याकडून कळलंय. आत्या नवी पेठेत राहते, तेव्हा चोविसेक वर्षांची असेल, ती सांगते की अगं दिवे लागले की रस्ते ओस पडायचे, सिनेमाचा शेवटचा शो बघायला कोण जातंय, क्लास सुटले की पोरी घोळक्याने घरी यायच्या आणि दादा मंडळी चौकापर्यंत घ्यायला यायची. तिच्या घराच्या दाराला तेव्हापासूनचं एक भोक आहे, त्यात भिंगाचा आयहोल, आणि खाली पितळी साखळी. सुताराने भोक जरा जास्तच वर पाडलं होतं कारण माप घ्यायला काका उभे राहिले होते, त्यामुळे पाच फुटाच्या आत्याला आजतागायत टाचा उंच केल्याशिवाय बाहेरचं दिसत नाही. त्या महिन्यात सुतार लोकांना उसंत नव्हती म्हणे. त्यात आणीबाणी चालू, पेपरांवर सेन्सॉर, त्यामुळे जे छापून यायचं त्यापेक्षा जे कानावर यायचं त्यावर लोकांचा जास्त विश्वास.

आता जरा या केसपासून लांब जाऊन नेहमीचे खून कसे असतात ते बघू, नाहीतर वर्गाला वाटतं की खून म्हणजे हेच, बंगला, बेल आणि अनोळखी चौघं.

नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरोच्या २०२२ च्या आकड्यांत देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे आहेत. कारणांमध्ये सगळ्यात वर वादविवाद, ९,९६२, मग वैयक्तिक वैर ३,७६१, आणि आर्थिक फायद्यासाठी १,८८४. म्हणजे लुटण्यासाठी खून हे प्रमाण शंभरात सहा-सात. मयतांमध्ये साधारण ७० टक्के पुरुष, बहुतेक सगळे सज्ञान. पुण्यातलं रोजचं चित्रही याच जातीचं आहे, पेपर उघडा, दारू पिताना झालेली बाचाबाची, पूर्ववैमनस्य, हप्ता, जमिनीचा तुकडा, चारित्र्याचा संशय घेऊन बायकोला मारलं, आणि गेल्या काही वर्षांत कोयता घेऊन फिरणारी मिसरूड न फुटलेली पोरं. मारणारा आणि मरणारा बहुतेक वेळा एकाच वस्तीतले, एकाच वयाचे, कालपर्यंत एका कट्ट्यावर बसणारे. बायकांचं मात्र उलट असतं, त्यांना धोका रस्त्यापेक्षा घरात जास्त, हे जगभरच्या आकड्यांत दिसतं.

आकड्यांबद्दल दोन बारीक गोष्टी, पोरांना परीक्षेत विचारते म्हणून इथेही सांगते. एक, ‘गुन्हे’ आणि ‘मयत’ वेगळे. भांडारकर रोडला पाच जीव गेले पण घटना एक, म्हणजे अख्ख्या सत्रात दहा मयत आणि घटना चार. आणि खून ज्या वर्षी नोंदला जातो त्या वर्षाच्या रकान्यात बसतो, झाला त्या वर्षाच्या नाही, त्यामुळे तळ्यात चौदा महिने पडलेला मुलगा तक्त्यात कुठे बसतो त्याचा विचार करा. दुसरं, ‘पुण्यात खून वाढले की घटले’ असं कोणी बोललं की आधी विचारायचं, कुठलं पुणं? पुणे शहर आयुक्तालय १ जुलै १९६५ चं, ग्रामीण पोलीस वेगळे, आणि १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय वेगळं निघालं, त्यात शहरातलीही काही पोलीस स्टेशनं तिकडे गेली आणि ग्रामीणचीही काही, त्यामुळे २०१७ च्या शेजारी २०१९ ठेवून रेघ काढणाऱ्याला मी सरळ नापास करते.

तर मग जोशी-अभ्यंकर ही केस या रोजच्या चित्रात बसते की नाही? सगळे म्हणतात नाही, ती अपवाद आहे. मधल्या आठ ओळी बघितल्या तर खरंच अपवाद आहे. पण पहिली आणि शेवटची ओळ बघा. दोन्ही अगदी नेहमीच्या खुनासारखी, ओळखीच्या पोरांनी ओळखीच्या पोराला गोड बोलून नेलं आणि मारलं.

शेवटची ओळ म्हणजे २३ मार्च १९७७. दोन दिवस आधी, २१ तारखेला आणीबाणी उठलेली, लोक निवडणुकीच्या निकालाच्या धुंदीत. या चौघांच्या कॉलेजातल्या एका मित्राचा धाकटा भाऊ अलका टॉकीजपाशी भावाला भेटायचा होता. जक्कलने चल सोडतो म्हणून मोटरसायकलवर घेतलं आणि शेडवर नेलं. मुलगा का बसला? कारण तो भावाचा मित्र. याच्याइतकं साधं कारण नाही. शहरभर दाराला साखळ्या लागल्या होत्या आणि हा मुलगा भर संध्याकाळी, गर्दीच्या चौकात, हसत गाडीवर बसला असणार.

प्रेत एका शिडीला बांधलं, दगड बांधले आणि बंडगार्डनपाशी नदीत सोडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते येरवड्याच्या बाजूला वर आलं.

आणि दोरी. सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्या हाताखालच्या तपासात लक्षात आलं की या शिडीवरच्या नायलॉनच्या गाठी आधीच्या दोन घरांतल्या गाठींसारख्याच आहेत. गाठ ही मजेशीर गोष्ट आहे, वर्गात मी प्रत्येकाला सुतळीचा तुकडा देते आणि म्हणते खुर्चीच्या पायाला बांधा, चाळीस पोरं, आणि तुम्हाला सांगते, निरगाठ, सरगाठ, बुटाच्या लेसची गाठ, आजीने गाठोडं बांधायला शिकवलेली गाठ, प्रत्येकाच्या हाताला एक सवय असते आणि सांगितलं तरी दुसरी बांधायला वेळ लागतो. मागच्या वर्षी एक सांगोल्याचा मुलगा होता, त्याने गुरं बांधायची गाठ मारली, ती शेवटी कात्रीने कापावी लागली. या चौघांनी कापूस बदलला नाही, दोरी बदलली नाही, गाठ बदलली नाही.

पण गाठीने फक्त एवढंच सांगितलं की हात तोच आहे. हात कोणाचा हे सांगितलं शेवटच्या मुलाने, म्हणजे त्याच्या ओळखींनी. जोशींच्या किंवा अभ्यंकरांच्या घरापासून सुरुवात केली तर संशयित अख्खं पुणं, १९७१ च्या जनगणनेतच साडेआठ लाखांच्या आसपास असलेली वस्ती. या मुलापासून सुरुवात केली तर प्रश्न सोपा होतो, याला शेवटचं कोणी बघितलं, हा कोणाच्या गाडीवर बसेल, भावाचे मित्र कोण. चौघांच्या जबान्या एकमेकींशी जुळेनात. कॉलेजमधल्या बाकीच्या पोरांना विचारायला सुरुवात झाली तसं एकेक जण बोलायला लागला, त्यातलाच एक, जो पहिल्या मुलाच्या वेळी यांच्याबरोबर होता, तो पुढे माफीचा साक्षीदार झाला. आणि मग तळ्यातलं पिंप वर आलं. ३० मार्च १९७७ ला अटक. म्हणजे प्रेत वर आल्यापासून सहा दिवस. मधल्या दोन घरांवर पाच महिने डोकं फोडून जे मिळालं नाही ते बाहेरच्या दोन ओळींनी सहा दिवसांत दिलं.

खटला १५ मे १९७८ ला उभा राहिला, न्यायाधीश वा. ना. बापट यांनी २८ सप्टेंबर १९७८ ला चौघांना फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल १९७९ मध्ये कायम केली, नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात अपील फेटाळलं, राष्ट्रपतींकडचा अर्जही फेटाळला गेला, आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. फाशी योग्य की अयोग्य यावर वर्गात दोन तास जातात, इथे नको.

मला जास्त रस आहे तो हे बळी का निवडले गेले यात. आमच्या शास्त्रात १९७९ पासून एक ठोकळा आहे, कोहेन आणि फेल्सन या दोघांचा, की गुन्हा घडायला तीन गोष्टी लागतात, करणारा, सोयीचं सावज, आणि राखणदार नसणं. घरफोडीला हे फिट बसतं, कुलूप बघून चोर येतो. पण इथे टोळी उलटं करत होती, घरात माणसं आहेत हे बघून बेल वाजवत होती, कारण कपाटाची किल्ली कुठे आहे ते माणसंच सांगणार. घरात पाच माणसं असणं ही आपल्याला सुरक्षा वाटते, त्यांना ती सोय वाटली. आणि मग ओळखू शकणारा कोणी उरू नये म्हणून सगळ्यांना मारायचं. म्हातारे, बाई, पोरगं, काही फरक नाही. त्यामुळे वय-लिंग-जात असा तक्ता मांडून मधल्या आठांचं प्रोफाइल काढायला गेलात तर हाताला काहीच लागत नाही, त्यांच्यात साम्य एवढंच की त्या संध्याकाळी ते त्या घरात होते.

कामाच्या बाईंचं तर तेही नाही, घर त्यांचं नव्हतं, दागिने त्यांचे नव्हते, त्या तिथे नोकरीला होत्या. इतकी वर्षं मी ही केस शिकवतेय पण त्यांच्याविषयी वय आणि काम यापलीकडे माझ्या नोट्समध्ये एक ओळ नाही, शास्त्रीबोवांविषयी अर्धं पान आहे. पहिल्या वर्षी एका मुलीने विचारलं, मॅडम त्या बाई रात्री आठला तिथे काय करत होत्या, राहायला होत्या का? मला उत्तर देता आलं नाही. मुलीची आई स्वतः कोथरूडला चार घरी पोळ्या करते, तिला तो प्रश्न पडणारच, मला पडला नव्हता.

राठी हत्याकांडाचंही थोडं सांगते, कारण तुलना नेहमी निघते. २६ ऑगस्ट १९९४, पौड रोड, एकाच घरातले सात जण, पाच बायका आणि दोन लहान मुलं. तिथेही शहर आधी बाहेरच्या टोळीकडे बघत होतं आणि आरोपींमध्ये निघाला कुटुंबाच्या दुकानातच काम केलेला माणूस, म्हणजे घर माहीत असलेला. त्यातल्या फाशी झालेल्या एकाला २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं, कारण गुन्ह्याच्या वेळी तो अल्पवयीन होता हे सिद्ध झालं, अठ्ठावीस वर्षं आत काढल्यानंतर. जोशी-अभ्यंकर आणि राठी या दोन केसेस पुण्याच्या आठवणीत शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत आणि दोन्हीतून लोक एकच गोष्ट उचलतात, अनोळखी माणसाला दार उघडू नका. कमाल आहे.

बेपत्ता माणसांचं पुढे थोडं बदललं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लहान मूल हरवलं की आधी गुन्हाच नोंदवायचा, पळवलंय असं धरूनच तपास करायचा, नंतर बघू. पण ते अठराच्या खालच्यांना. कॉलेजचा, वीस वर्षांचा मुलगा ‘मी घर सोडून जातोय’ अशी चिठ्ठी ठेवून गेला तर आजही मिसिंगच्याच रजिस्टरला जाईल, आणि हवालदार वडिलांना म्हणेल, येईल हो दोन दिवसांत, मित्रांकडे विचारलंत का?

आणि वडील मित्रांकडेच विचारायला जातील.

गेल्या दिवाळीत फराळाचा डबा द्यायला आत्याकडे गेले होते. बेल वाजवली, आतून चपलांचा आवाज, मग शांतता, म्हणजे टाचा उंच करून बघणं चाललेलं. साखळी लावूनच दार किलकिलं झालं. मी आत गेल्यावर तिने परत साखळी अडकवली आणि चहा टाकला. तेवढ्यात पुन्हा बेल, आणि आत्या ओट्यापासूनच ओरडली, अगं उघड गं, समोरच्यांचा मुलगा असेल, गॅसचं पुस्तक द्यायला येणार होता. मी भिंगाला डोळा लावायला गेले तर म्हणे, ‘बघत काय बसलीस, ओळखीचा आहे तो.’